रादगोंदची शिरगणती

मे संपत आला तरी डोंगराकडच्या घरांच्या रांगांचे रस्ते वाळले नव्हते. बर्फ गेलं होतं, पण त्याच्याखालची माती अजून लापशीसारखी हलत होती. आल्मा लागासेनं गाडीच्या मागच्या बाजूला फावडं, दोन फळ्या आणि राखेची बादली टाकली. पुढच्या सीटवर फॉर्मांचा खोका ठेवला आणि तो भिजू नये म्हणून वर रिनोचा जुना रेनकोट पांघरला.

तिचा सासरा ओनेझिम पायरीवर बसून करवतीला धार लावत होता. एक्याऐंशी वर्षांचा माणूस. तरुणपणी नदीतून ओंडके वाहून न्यायच्या कामावर होता, तेव्हा एकदा उजवा पाय दोन ओंडक्यांत सापडला होता. तो पाय तो अजून एखाद्या वस्तूसारखा हातानं उचलून बाजूला ठेवायचा.

"कुठली रांग आज?" त्यानं विचारलं.

"दुसरी. जमलं तर तिसरी."

"तिसऱ्या रांगेला पुलाच्या आधी डावीकडनं जा. उजवीकडं रुतशील."

"बरं मामंजी."

घरात ही दोघंच. रिनो, म्हणजे तिचा नवरा, फळ्यांची गिरणी बंद पडली तेव्हा पश्चिमेकडं तेलाच्या विहिरींच्या कामावर गेला, त्याला आता दोन हिवाळे झाले होते. पहिल्या उन्हाळ्यात तो आला. या उन्हाळ्यात सुट्टी नाही म्हणून पत्र आलं. मूलबाळ नव्हतं.

आल्मानं सबंध वसंत बटाट्याच्या शेडमध्ये उभ्यानं बेणं कापलं होतं. अंगठ्याच्या पेरावर विळीचे बारीक काळे चरे उठले होते. ते काम संपलं आणि तेवढ्यात शहरातल्या लेव्हेक बाईंचा निरोप आला की शिरगणतीला माणूस हवं आहे. इंग्रजी वाचता येणारं, स्वतःची गाडी असणारं. रादगोंदमध्ये असं माणूस शोधायला फार वेळ लागला नाही. लेव्हेक बाईंनी तिला नकाशा दिला. नदी, चर्च, आणि चर्चच्या मागं डोंगराकडं एकावर एक चढत गेलेल्या सात रांगा. प्रत्येक घराला एक ठिपका. माणसं राहत असतील तर ठिपक्याशेजारी आकडा लिहायचा, नसतील तर फुली मारायची.

दुसऱ्या रांगेत त्या दिवशी तिनं सोळा ठिपके पाहिले. नऊ फुल्या झाल्या.

संध्याकाळी ती क्लोव्हिस बोसेच्या दुकानात पेट्रोल भरायला थांबली. क्लोव्हिस गावसमितीचा अध्यक्ष होता. पेट्रोल, टपाल, खिळे आणि डुकराचं मांस, गावाला लागेल ते सगळं त्याच्याच गल्ल्यावरून जायचं. शेगडीपाशी बाकावर नेहमीची चारजणं बसली होती.

"मागच्या खेपेला आपण तीनशे अकरा होतो," क्लोव्हिस म्हणाला. "तीनशेच्या खाली गेलो की शाळा गेली. डॉक्टरचा गुरुवारही गेला. मग ताप आलेलं पोर घेऊन चाळीस किलोमीटर जा. आता सगळं तुझ्या हातात आहे, आल्मा."

"माझ्या हातात पेन्सिल आहे."

"तेच म्हणतोय मी."

बाकावरची माणसं हसली. क्लोव्हिस गल्ल्यावर कोपरं टेकून पुढं झाला. "हे बघ, माझी दोन पोरं ओटावाला आहेत. पण उन्हाळ्यात येतातच की. त्यांच्या गाद्या आहेत, शिकारीचे बूट आहेत. ती इथलीच."

"फॉर्मात विचारलंय, नेहमी कुठं राहतात."

"नेहमी म्हणजे काय गं? मनानं कुठं राहतात ते विचार."

"मग माझ्या बायकोलाही घे," बाकावरचा ओव्हिला म्हणाला. तो जुना लाकूडतोड्या, तोंडात चार दात. "दहा वर्षं झाली, चर्चच्या मागं एका जागी पडून आहे. तिच्याइतकं नेहमी या गावात दुसरं कोण राहतं?"

पुन्हा सगळे हसले. आल्माही हसली. क्लोव्हिसनं तिला पेट्रोलची पावती दिली आणि वर एक चॉकलेट दिलं. तिनं ते घेतलं. नको घ्यायला हवं होतं, हे तिला गाडीत बसल्यावर कळलं.

पहिल्या आठवड्यात फॉर्म वाटायचे होते, दुसऱ्यात गोळा करायचे. गोळा करताना तिच्या ध्यानात आलं की चॉकलेट सगळ्या गावानं खाल्लं होतं. पहिल्या रांगेत एका म्हातारा-म्हातारीच्या घरात सहा नावं. नदीकाठच्या मोरां बाईंनी नर्स झालेली लेक लिहिली होती, ती लग्न होऊन तीन वर्षं क्वेबेकला होती. क्लोव्हिसच्या फॉर्मात पाच नावं.

पहिल्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. फॉर्म खोक्यात टाकले आणि घरी आली. रात्रीच्या जेवणाला तिनं कुट्टूच्या पिठाची धिरडी घातली. ओनेझिमनं त्यांवर काकवी ओतली आणि गुंडाळी करून खाल्ली. ती मात्र तव्याकडं बघत बसली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"लोक खोटं लिहितायत."

"मग?"

"मग मी खाली सही करायची आहे. 'तपासलं' म्हणून."

म्हाताऱ्यानं बोटावरची काकवी चाटली. "ओंडके मोजायला साहेब यायचा," तो म्हणाला. "आम्ही त्याला एकच ओंडका दोनदा दाखवायचो. त्याला कळायचं. पण तो दुसऱ्या गावचा होता."

दुसऱ्या दिवशी ती परत पहिल्या रांगेत गेली. त्या म्हातारा-म्हातारीचं दार ठोठावलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली, फॉर्म समोर ठेवला आणि विचारलं, "तुमचा मार्सेल गेला हिवाळा कुठं राहिला?" उत्तर म्हातारीनं दिलं. आल्मानं मार्सेलच्या नावावर आडवी रेघ मारली. मग त्याच्या बायकोच्या. मग दोन मुलांच्या. लेकीच्या नावावर रेघ पडली तशा मोरां बाई म्हणाल्या, "तुला तुझं पोर नाही ना, म्हणून हात चालतो."

क्लोव्हिसच्या घरी ती दुपारी गेली. तो दुकानातून जेवायला आला होता. तिनं दोन्ही पोरांची नावं खोडली तेव्हा त्यानं चमचा खाली ठेवला नाही. जेवता जेवताच म्हणाला, "झालं? दार लावून घे. चिलटं आत येतात."

त्यानंतर गावानं आरडाओरडा केला नाही. आमच्याकडं कोणी करत नाही. आमच्या परगण्यात रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं वर होतात. ओळख असो नसो. एवढ्या मोठ्या जंगलात एवढी थोडी माणसं, समोर माणूस दिसलं याचीच ती पोच. आल्माला बघून बोटं वर होईनाशी झाली. पहिल्या दिवशी तिला वाटलं, समोरच्याचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी पाच गाड्या गेल्या आणि तिचीच बोटं पाच वेळा वर झाली. चौथ्या दिवसापासून तिनंही स्टिअरिंग घट्ट धरलं.

दुकानात ती शिरली की बाकावरचं बोलणं थांबायचं. क्लोव्हिस सामान द्यायचा, मोड द्यायचा, पण हातात द्यायचा नाही, गल्ल्यावर ठेवायचा. रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर ती आणि ओनेझिम दोघंच राहिली. शेजारी बसणारं कुटुंब दोन बाकं मागं सरकलं होतं. ओनेझिमनं आपला पाय हातानं उचलून मोकळ्या जागेत पसरला आणि पुटपुटला, "बरं झालं. ऐसपैस."

सातवी रांग तिनं शेवटी ठेवली होती. नकाशावर अकरा ठिपके. रस्ता अर्ध्यावर संपल्यासारखा होता. दोन्ही बाजूंनी भूर्जांची पोरसवदा झाडं शेतात घुसली होती. जिथं कधी ओट पेरायचे तिथं आता गुडघाभर पाण्यात बेडूक ओरडत होते. तिनं दोनदा फळ्या टाकून गाडी काढली. दुसऱ्या वेळी ती चाकाशी वाकली असताना काळी चिलटं केसांच्या मुळाशी शिरली आणि कानामागून रक्ताची धार मानेपर्यंत आली. तिला ते घरात गेल्यावर आरशात दिसलं.

घर एक्झिल्दा सीरचं होतं. सातव्या रांगेतलं शेवटचं, आणि आता एकुलतं. एकोणऐंशी वर्षांची बाई, आठ कोंबड्या, आणि दारात ओळीनं टांगलेल्या तीन कुऱ्हाडी, एकीचंही पातं गंजलेलं नाही.

"बस. मान पूस," एक्झिल्दानं ओला टॉवेल दिला. "फॉर्म भरलाय मी. तुझी वाट बघत होते. नऊ दिवसांत कोणी आलं नाही."

फॉर्मावर चार नावं होती. एक्झिल्दा, आणि तिचे तीन मुलगे. ते कनेटिकटमधल्या कारखान्यात होते, थोरला तिकडं गेला त्याला तीस वर्षं झाली होती.

आल्मानं फॉर्म टेबलावर सपाट केला. "क्लोव्हिसनं सांगितलं का तुम्हाला?"

"क्लोव्हिस इथवर येतोय होय? कोणी काही सांगितलं नाही. शाळेचं म्हणतेस? ते तर दर खेपेला असतं. मला शाळेशी काय करायचंय. फॉर्मात लिहिलंय, घरातली माणसं लिहा. ही माझ्या घरातली माणसं."

"काल रात्री इथं कोण झोपलं?"

एक्झिल्दानं बाहेर कोंबड्यांकडं पाहिलं. चुलीवरचं पाणी उकळून झाकण वाजायला लागलं.

"मी," ती म्हणाली.

आल्मानं तीन रेघा मारल्या. एक्झिल्दा प्रत्येक रेघेबरोबर मान पुढं करून बघत होती, शिवणाऱ्या माणसाची सुई बघावी तशी. मग तिनं उठून पाणी उतरवलं, काळा चहा केला, नेच्याचे कोवळे कोंब लोणी टाकून परतले. आल्मा दोन तास बसली. पहिल्या घरापासून आतापर्यंत तिला कोणी चहा विचारला नव्हता. एक्झिल्दा सगळा वेळ बोलत होती. कुठल्या वर्षी बर्फ खिडकीच्या वर गेलं, कुठली कोंबडी अंडं दडवते. निघताना तिनं आल्माच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाली, "तुझं घर मोजलंस का?"

"नाही अजून."

"मोज," एक्झिल्दा म्हणाली, आणि कोंबड्या आत घ्यायला गेली.

घरचा फॉर्म ओनेझिमनं भरून ठेवला होता. टेबलावर साखरेच्या डब्याखाली. त्याचं अक्षर मोठं आणि सावकाश होतं, लाकडात कोरल्यासारखं. पहिलं नाव, रिनो लागासे. दुसरं आल्मा. तिसरं स्वतःचं.

तिनं तो रविवारपर्यंत तसाच ठेवला. रविवारी चर्चहून आल्यावर ओनेझिम मागच्या अंगणात चुलीसाठी ढलप्या काढायला गेला. आल्मा भिंतीवरच्या फोनपाशी उभी राहिली. पश्चिमेकडं तेव्हा सकाळचे नऊ वाजले असणार. रिनोनं दिलेला नंबर कॅलेंडरच्या मागं लिहिलेला होता. तो शक्यतो वापरू नये, मी करीन, असं तो म्हणाला होता.

फोन चार वेळा वाजल्यावर त्यानं उचलला.

"मी आल्मा."

"म्हातारा बरा आहे ना?"

"बरा आहे. ढलप्या फोडतोय." खिडकीतून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. एक घाव, मग थोडं थांबून दुसरा. "शिरगणतीचं काम घेतलंय मी. त्यासाठी विचारते. तिकडं तू फॉर्म भरलास का?"

"भरला की. सगळ्यांना भरावा लागतो."

"तिकडं राहतो असं लिहिलंस?"

"बाई आली होती. तिनं विचारलं नेहमी कुठं असतोस. मी काय सांगणार?"

"बरोबर आहे." आल्मानं पेन्सिल उचलली, पण समोर कागद नव्हता. "कामगारांच्या बरॅकीत किती जण लिहिले?"

फोनच्या तारेत बारीक खरखर होती.

"बरॅक सोडली मी," तो म्हणाला. "भाड्यानं घर घेतलं."

"मग घरात किती लिहिलेस?"

"आल्मा."

"किती, रिनो? तिथल्या बाईला सांगितलंस ना. मलाही सांग."

"तीन," तो म्हणाला.

बाहेर कुऱ्हाड पडली. ओंडका दुभंगल्याचा आवाज आला आणि दोन ढलप्या कठड्यावर आपटल्या.

"बरं," आल्मा म्हणाली. तो काहीतरी सांगू लागला, येणार होतो, पत्र लिहिणार होतो, असं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं, कारण मध्येच फोन ठेवायची तिला सवय नव्हती. त्याचं बोलणं संपलं तेव्हा तिनं फोन ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. हात टेबलावर ठेवले. अंगठ्यावरचे काळे चरे तिनं दुसऱ्या अंगठ्याच्या नखानं एकेक करून घासून पाहिले. निघत नव्हते.

ओनेझिम ढलप्या कवेत घेऊन आत आला. फॉर्म तिच्यासमोर होता. तिनं रिनोच्या नावावर रेघ मारली, नीट, कडेपासून कडेपर्यंत. मग फॉर्म त्याच्याकडं फिरवला.

"सही करा मामंजी. घरातली माणसं दोन."

त्यानं ढलप्या पेटीत एकेक लावून ठेवल्या. गुडघ्यावरचा भुसा झटकला. रेघेकडं पाहिलं. "का?" असं विचारलं नाही. पेन्सिल मुठीत धरून त्यानं सही केली आणि पाय उचलून खोलीत निघून गेला.

सोमवारी आल्मा दुकानात गेली. फॉर्मांचे गठ्ठे शहराला न्यायचे होते, त्यांना बांधायला दोरी हवी होती. बाकावरचं बोलणं थांबलं. क्लोव्हिसनं दोरीचं बंडल गल्ल्यावर ठेवलं, आणि या वेळी बोलला.

"किती झालो?"

"दोनशे शहाऐंशी."

"माझी पोरं धरून किती झालो असतो?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी. आणि तुमच्यासारखं सगळ्यांचं धरलं असतं तर तीनशे चाळीस."

"आणि लागासेंच्या घरात?" क्लोव्हिसनं बाकाकडं बघत विचारलं. "तिथं तीन ना? मालक दोन वर्षं तिकडं आहे. पण आपलं ते आपलं. तिथं कशाला पेन्सिल चालेल?"

"दोन," आल्मा म्हणाली.

"काय?"

"दोन लिहिलेत. रिनो तिकडं राहतो. तिकडच्या फॉर्मात त्याच्या घरात तीन माणसं आहेत. त्यानंच सांगितलं."

तिनं हे मोठ्यानं सांगितलं नाही. दोरी किती लांब हवी ते सांगावं तसं सांगितलं. पण बाकावर बसलेल्या चौघांनाही ते ऐकू गेलं. ओव्हिलानं टोपी काढून मांडीवर ठेवली. क्लोव्हिसचे कान लाल झाले. त्यानं कात्री घेतली, दोरी मापली, परत मापली.

"किती हवी?" त्यानं विचारलं.

"सहा मीटर पुरे."

त्यानं आठ कापली, गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली. पैसे गल्ल्यावरच पडून राहिले.

शहरात लेव्हेक बाईंनी गठ्ठे मोजून घेतले, काम चोख आहे म्हणाल्या. आल्मानं उभ्या उभ्या विचारलं, "तीनशेच्या खाली गेलं की शाळा जाते ना?"

लेव्हेक बाईंनी चष्मा वर केला. "शाळेचा आणि आमचा काय संबंध? शाळा पोरं मोजून ठरवतात. ती त्यांची त्यांना पाठ असतात. कोणी सांगितलं तुम्हाला?"

"असंच ऐकलं होतं," आल्मा म्हणाली. परतीच्या चाळीस किलोमीटरांत तिनं ठरवलं की हे गावात कोणाला सांगायचं नाही. सांगून कोणाचं पोर परत येणार नव्हतं, आणि क्लोव्हिसला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. गावात तोंडं आधीच थोडी होती.

बटाटे लावायला त्या वर्षी उशीर झाला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आल्मानं परसातल्या तुकड्यात सऱ्या ओढल्या. ओनेझिम पायाखाली गोणपाट घेऊन जमिनीवर बसायचा, बेण्याचे तुकडे डोळा वर करून सरीत मांडायचा, मग दोन्ही हातांवर अंग उचलून पुढं सरकायचा. आल्मा मागून कुदळीनं माती ओढत यायची. वाऱ्यामुळं चिलटं नव्हती. डोंगरावर सातव्या रांगेच्या बाजूला धुराची एक सरळ रेघ वर जात होती.

तिसरी सरी अर्धी झाली तेव्हा ओनेझिम मागं न बघता बोलला. "मला ख्रिसमसपासून माहीत होतं."

आल्माची कुदळ थांबली.

"तू चर्चला गायला गेली होतीस. तेव्हा त्यानं फोन केला. पोर झालंय म्हणाला. मी सांगू का तिला, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, मी लिहीन."

म्हणजे सबंध हिवाळा. जानेवारीतल्या त्या वादळात पाच दिवस दार उघडलं नव्हतं, दोघं चुलीच्या दोन बाजूंना बसून होती, ती रिनोसाठी मोजे विणत होती आणि म्हाताऱ्यानं लोकरीचा गुंडा हातांवर धरला होता. तिला ते हात आठवले. स्थिर होते.

"मग फॉर्मावर त्याचं नाव कशाला लिहिलंत?"

ओनेझिमनं हातातला तुकडा सरीत ठेवला, उचलला, परत ठेवला. "नाव राहिलं असतं तर तू राहिली असतीस," तो म्हणाला. "तुझी बहीण आहे मोंक्टनला. तुला इंग्रजी येतं. कोणीही ठेवून घेईल. मला काय, मला एक पायरी उतरायला वेळ लागतो." मग म्हणाला, "मला एकट्याचा आकडा नको होता."

तो मागं वळला नाही. मानेच्या मागं त्याच्या शर्टाची कॉलर विरली होती. तिनंच ती एकदा उलटी करून शिवली होती, आता दुसऱ्या बाजूनंही विरली होती.

आल्मानं माती ओढली. एक तुकडा झाकला, दुसरा झाकला. तिच्या कुदळीचं टोक त्याच्या गोणपाटाशी आलं तेव्हा तो अजून तिथंच बसला होता, पुढं सरकला नव्हता.

"जाणारेस का?" त्यानं विचारलं.

समोर अजून चार सऱ्या मोकळ्या होत्या आणि बादलीत बेणं वाळायला लागलं होतं.

"पुढं सरका मामंजी," ती म्हणाली. "उन्हं जायच्या आत हे लावून होऊ दे. जायचं असेल तर बटाटे काढल्याशिवाय थोडीच जाणार आहे मी?"

त्यानं दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि अंग उचललं. पाय मागं राहिला. आल्मानं कुदळ खाली ठेवली, वाकून तो पाय उचलला आणि सरीशेजारी पुढं नेऊन ठेवला.